वाकडं पाऊल

प्लास्टरचं पाणी कोमट लागतं.
गार असलं की माणूस दचकतो
आणि दचकलेल्या स्नायूचं माप खोटं येतं.

रोहॅम्प्टन. सकाळचे आठ. खिडकीला वाफ.
गेथिन प्रॉसर, स्वान्सीचा, हेलमंडमध्ये
डावा पाय गेला तेव्हा तेवीस वर्षांचा.
'तुटलेला' असं आम्ही कागदावर लिहीत नाही.
लिहितो : उरलेला, गुडघ्याखाली चौदा सेंटिमीटर.
जे उरतं त्यालाच टेप लावता येते.

हा त्याचा सातवा पाय.
खोबणीत सकाळी तीन मोजे, संध्याकाळी पाच;
मांस दिवसभर ओसरत जातं
मे महिन्यातल्या विहिरीसारखं.
नसलेली करंगळी खाजते अजून.
मी बूट खाजवते. कधी कधी तेवढ्यानं भागतं.

दुभाष्या झलमय त्याच्या चार पावलं पुढं होता.
हे तो एकदाच बोलला, नाडी बांधताना,
मग गाठ सोडून पुन्हा बांधली.

आज म्हणाला, फार सरळ केलायस पाय.
माझं पाऊल बाहेर पडायचं, फेंगडं, वडिलांसारखं.
या हिवाळ्यात आईची नजर गेली.
मी जिना चढायला लागलो की वरून ओरडते :
कोण आहे?

मी निघाले तेव्हा संगमनेरच्या स्टँडवर
आत्या कानाशी म्हणाली होती,
पाऊल वाकडं पडू देऊ नकोस.
आणि इथं अकरा वर्षं माझं कामच ते,
लेझरच्या लाल रेघेवर टाच, गुडघा आणून
लोकांची पावलं सरळ करणं.

स्क्रू सैल केला. दोन अंश.
दोन दांड्यांमधून तो गेला, आला,
डोळे मिटून, मान कलती, ऐकत.
अजून थोडं.
चार. सहा.
अजून. टाच जरा घासली पाहिजे.

नियमाप्रमाणे मी त्याला थांबवायला हवं होतं.
सोळा वर्षांपूर्वीचा आवाज मला कुठला ठाऊक,
तोही चाचपडतच होता.
मग एका फेरीत मध्येच उभा राहिला
आणि काही बोलला नाही.
मी स्क्रू आवळला.

सहा महिन्यांनी आला. आईचं मी विचारलं नाही.
बूट उलटा केला :
बाहेरची कड झिजून तिरकी, रबर पातळ.
नवा तळ लावू?

राहू दे, म्हणाला.