काळा किती काळा

सिटी सेंटरच्या शोरूममध्ये
भिंतभर पोपट उडत होते.
एका टीव्हीत मध गळत होता सावकाश,
शेजारच्यात तोच मध, जरा जास्त पिवळा,
त्यापलीकडे लाव्हा.
तोमर नावाचा पोरगा म्हणाला, अंकल, रंग बघा रंग.
म्हटलं, रंग राहू दे. काळा दाखव.

तो हसला. मालकाकडे बघून आला.
त्याला काय ठाऊक,
एकतीस वर्षं मी एक्स-रे काढले
ग्वाल्हेरच्या सरकारी दवाखान्यात.
लाल दिव्याखाली, फिल्म ओली असतानाच सांगायचो:
हा काळा हवेचा,
हा काळा माझ्या चुकीचा,
आणि हा जरासा करडा, नखाएवढा,
ह्याच्यासाठी डॉक्टरांना जेवणावरून उठवा.

पोरानं शेवटी रात्रीचं आभाळ लावलं, दोन्हींवर.
पहिल्यात एकेक ठिपका आपापला विझला.
टीव्ही कुठे संपला, भिंत कुठे लागली, कळेना.
दुसरा उजेडाचा पठ्ठ्या,
पण त्याच्या चंद्राभोवती खळं पडलेलं,
जे पहिल्याच्या आभाळात नव्हतंच.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
खळं होतं.

शर्वरीकडे वही.
एकशे चव्वेचाळीस हर्ट्‌झ, दोन्हींना टिक.
मिलिसेकंदांचा रकाना वेगळा.
लॅग म्हणजे काय गं?
म्हणाली, बाबा, लॅग म्हणजे
मी मेले हे मला मेल्यावर कळणं.

वासंतीनं मात्र खिडकीचं माप आणलं होतं,
पदराच्या टोकाला गाठ मारून चिठ्ठी.
आपल्या जीवाजीगंजच्या हॉलमध्ये
मे महिन्यात चार वाजता पापड वाळतात.
तिथे तुमचा काळा काय दिवे लावणार?
तोमर लगेच दुसऱ्याकडे वळला,
उजेडाच्या पठ्ठ्याकडे,
जो बेचाळीस हजारांनी स्वस्तही होता.
शिवाय, हळूच म्हणाला,
पहिल्यावर एकच चित्र तासन्‌तास ठेवलं
तर डाग राहतो कधीकधी.
बेबीच्या गेममध्ये ती कोपऱ्यातली पट्टी असते ना, जिवाची.

मी माझा अंगठा पाहिला.
हायपोचा तपकिरी डाग, नखाच्या मुळाशी,
रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी आहे.

घेतला पहिलाच.
भिंतीवर बसवणं फुकट, स्टॅबिलायझर अर्ध्यात,
ह्यावर वासंतीनं पाऊण तास घासाघीस केली,
आणि मग नव्या बाजारातून जाड कापड,
गडद मरून, अस्तरासकट.
एका पडद्यापायी चार पडदे, म्हणत होती,
पण शनिवारी जुना सिनेमा लावला
तेव्हा एकदम पुढे सरकून बसली:
अगं बाई, हिच्या साडीला काठ आहेत!
इतक्या वेळा पाहिला, कधी दिसलेच नाहीत.

रविवारी रात्री शर्वरीची पडकी गढी.
एक जिना, एक विहीर, बाकी अंधार.
कोणी नाही, म्हणत ती चालली होती
खांद्याला बंदूक लावून.
मी दाराशी उभा, हातात दुधाचा पेला.
काळा, काळा, काळा,
आणि कमानीखाली नखाएवढा
काळा नव्हता.

थांब! मी ओरडलो,
डावं फुफ्फुस, खालचा भाग!
ती डावीकडे वळली.
फिल्मवरचा माणूस समोर तोंड करून असतो,
त्याचं डावं ते आपलं उजवं.
हे समजावायला एक वाक्य लागतं.
तेवढ्यात कमानीतून उजेड झाला
आणि जिवाची पट्टी रिकामी.

बाबा, ती म्हणाली,
हा लॅग तुमचा.
आणि मागे न बघता
सोफ्यावर सरकून
माझ्यापुरती जागा केली.