पात्र क्रमांक त्रेचाळीस

पालांदूरला, धान निसवायच्या दिवसांत
मी टॉर्च घेऊन घरोघरच्या पाण्यात डोकावत होते.
तेच माझं काम.
रांजण, टायर, कुलरची टाकी,
जिथे पाणी साचतं तिथे वाकायचं,
वळवळतं का बघायचं, तक्त्यात लिहायचं.

टेकरामच्या सलूनात बायका जात नाहीत.
सरकारी बॅग पुढे धरून मी उंबरठ्यावर थांबले.
एक गाल साबणाचा, एक गाल माणसाचा,
असं गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं.

आरशापुढे, तुरटी आणि पावडरच्या मधे
लोणच्याची बरणी.
तिच्यात चार बोटं पाणी, चहाच्या रंगाचं,
आणि एक निळी चिंधी.
"फायटर हाय मॅडम. नागपूरवरून आणला. पाहा."
चिंधीनं आरशात पाहिलं,
गळ्याशी पदर फुगवला
आणि स्वतःवर धावून गेली.
काच.
पुन्हा काच.
"दिवसभर असाच करते. थकतच नाई."

थकला होता.
मी रोज साठ घरचं पाणी बघते, मला कळतं.

लिहिलं: पात्र क्र. ४३, काचेची बरणी, डासअळी नाही.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.
मग लिहिलं, पात्र जप्त.
असा नियम नाही. टेकरामला ते माहीत नव्हतं.
त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

मामाजींनी चाळीस वर्षं तलावात जाळं टाकलं.
त्यांनी बरणी नाकाशी नेली, लगेच लांब धरली.
"खावाचा असन त खा, इकाचा असन त इक.
असा लोणच्यावानी मुरवते का वो कोणी?"
तेवढ्यात मासा वर आला,
हवेचा एक घोट घेऊन खाली गेला.
"मरळीच्या गोतातला दिसते," ते म्हणाले.
आणि मग उठून तलावावर गेले, चिला आणायला.

मोडक्या फ्रीजचा भाजीचा कप्पा, वीस लिटरचा.
नळाचं पाणी रात्रभर उघडं,
ब्लीचिंग उडून जाईस्तोवर
(टाकायला मीच लावते गावाला).
दवाखान्याच्या आवारातल्या बदामाचं
एक लाल, वाळलेलं पान.
आणि बदल एकदम नाही, रोज एक पेला.
वाईट पाण्याची त्याला सवय झाली होती,
चांगल्याचीही लावावी लागते.

परसात एक बादली आहे, झाकण नसलेली.
गावभर जे मी ओतायला लावते, ते तिच्यात वाढतं.
रोज सकाळी चहाच्या गाळणीनं उपसते,
एकालाही पंख फुटायच्या आत.
आमच्या घराचा तक्ता मी भरत नाही.

मोबाइलच्या दुकानातून आणलेला दुसरा, तांबडा,
तिसऱ्या दिवशी मेला.
मामाजींनी कारल्याच्या वेलाखाली पुरला.

पूस लागला. कप्प्याशी चाळिसाचा बल्ब,
लाइट गेली की गरम पाण्याची बाटली.
मामाजी रात्री दोनदा उठतात.
लघवीला, म्हणतात.
शेपटीला नवी कड फुटली, आधी बिनरंगाची,
असून नसल्यासारखी,
निळं मागून आलं, सावकाश.

एका सोमवारी, सलून बंद असताना, टेकराम आला.
दारातच चप्पल काढून उभा,
जसा मी त्याच्याकडे उभी होते.
"मले वाटे मॅडम, आरशात त्याले सोबत भेटन."
थोडं थांबून, "मीबी त दिवसभर तिथंच पाह्यतो."
मी चहा ठेवायला आत गेले.
दुसरं काय करणार.

आले तेव्हा तो कप्प्यावर वाकला होता.
बदामाच्या पानाखाली माशानं
बुडबुड्याला बुडबुडा चिकटवून
रुपयाएवढं घरटं बांधलं होतं.
मादी नाही, अंडी नाहीत, नुसतं घरटं.
टेकरामनं बोटाचं टोक अलगद टेकवलं,
अंगठ्यावर चोळून पाहिलं,
गिऱ्हाइकाच्या गालावर पाहतो तसं.

"फेस पक्का हाय," तो म्हणाला,
"बसत नाई."