एक घर उघड

आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटी लागून तास झालाय.
घोटाभर काळा चिखल, त्यात एकटा मोठा बगळा
आणि दहाचं ऊन, कुठेही न अडणारं.
पहिले अकरा फोटो वाया.
पडद्यावर बगळा नाहीच,
बगळ्याच्या आकाराचं एक भोक,
जणू कुणी चिखलाला कात्री लावली.

मीटर लबाड नाय रे, घाबरट हाय,
दाऊद होडेकर म्हणायचे,
दाभोळला, स्टुडिओच्या पायरीवर बसून.
कोळसा दाखव, म्हणेल राखाडी.
चुना दाखव, म्हणेल राखाडी.
इथे त्याला दिसला चिखलच चिखल,
आणि त्याला उजळवता उजळवता
त्याने बगळा जाळला.

होडेकरांनी तीस वर्षं लग्नं काढली.
पावडर थापलेली नवरी, शेजारी कालच बोटीवरून उतरलेला नवरा,
एका चौकटीत चुना आणि कोळसा,
आणि आठवड्याने दोन्हीकडच्या मावश्या दुकानात भांडायला.
म्हणून ते चेहऱ्यावर मोजायचेच नाहीत.
उन्हात स्वतःचा हात धरायचे.
तोंडं नाना रंगांची, तळहात सगळ्यांचा थोडाफार सारखाच.
त्यावर मोज, मग एक घर उघड.
बगळा असेल तर
उघडू नको.

मी हात धरला. उघडलं नाही.
छिद्र आठ, सोळाशेवा भाग.
चिखल आणखी काळा झाला, झाला तर झाला;
मानेवर पीस न् पीस आलं,
पाठीच्या झालरीतली एकेक काडी
आणि पंखाखाली निळसर सावली,
जी अकराही वेळा तिथेच होती.

पुढचा घेणार तोच
लखमाबाय चोगले आल्या, कोयती, टोपली, पचक पचक.
बगळा उठून हर्णैच्या अंगाला गेला.
"बगला उडाला नं माझ्यामुलं?"
ऊन त्यांच्या पाठीशी, चेहरा म्हणजे नुसती कड.
मुळे दाखवायला त्यांनी हात पुढे केला.
रेषारेषांत वाळत आलेला गाळ,
राखाडी,
अगदी मीटरच्या मनातला, कारखान्यात ठरवलेला,
जो इतक्या वर्षांत मला कुठे भेटला नव्हता.
त्यावर मोजलं. घरबीर काही नाही, आहे तसं.
दोनशेवा भाग.

चेहरा आला.
नाकाजवळचा व्रण, कपाळावर गाळाचा शिंतोडा,
सावलीतही बारीक केलेला डावा डोळा.
मागचं आभाळ गेलं,
पलीकडच्या माडांचे शेंडे विरले,
आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीवर चढून बसला.
होडेकर पायरीवरून ओरडले असते.
कदाचित नसतेही.

लखमाबायनी पडद्यावर ओंजळीची सावली धरली,
बराच वेळ पाहिलं.
"आनि मुले कुठं हायत?"

म्हणजे मुळे.
ते चौकटीच्या खाली राहिले होते.