जाहिरातीपर्यंत

साडेआठ. भांडुपच्या आमच्या दीड खोलीत
विराजने रेवतीची पुण्याची नोकरी
तिला न विचारताच नाकारली.

"प्रेमापोटी केलं," दिगंबर म्हणाला,
मटार सोलता सोलता.
"पोटी नाही, पाठीमागे केलं."
"सांगितलं असतं तर गेली असती ती."
"मग जायचं. तिचे पाय, तिचं तिकीट."
"आणि याचं काय?"
"याने रडायचं. तिच्यासमोर. खरंखुरं."

तो हसला. एक दाणा उडून कपाटाखाली गेला.
वरच्या माळ्यावर तीच मालिका, तेच व्हायोलिन,
अर्धा सेकंद मागे.

मग जाहिरात लागली
आणि मला तो फोन आठवला,
अकरा वर्षांपूर्वीचा, मस्कतहून आलेला.
दिगंबर दळण आणायला गेला होता.
"त्यांना नाही जमायचं," मी सांगून टाकलं,
आवाज जराही न कापता.
पोर तापाने फणफणलं होतं, हे खरं.
पण तेवढंच खरं नव्हतं.

साबण झाला, सिमेंट झालं, सोनं तारण झालं,
रेवती अजून परतलेली नाही.
"तिला कळेल कधी गं?" तो विचारतो.

मी वाकून
कपाटाखालचा दाणा शोधत राहते.