चाळीस अक्षरं

सहमच्या मासळीबाजारामागे आमचं टायपिंगचं दुकान.
दोन खुर्च्या, एक प्रिंटर, खडखडणारा एसी.
मी मूळचा दाभोळचा. माझी अरबी बोटांतली:
टाइप करताना धावते, बोलताना ठेचकाळते.

झुवैना बिन्त सालिम आज तिसऱ्यांदा आली.
भत्ता नामंजूर. तेच वाक्य, तीच लाल चौकट:
कुटुंबाकडे वाहन आहे.
खाली कुणाची सही नाही. वेळ तेवढी आहे,
पहाटे तीन वाजून बारा मिनिटं, सात सेकंद.
‘त्या वेळी कोण जागं होतं?’ तिनं विचारलं.
कुणीच नाही, मी म्हणालो.

वाहन म्हणजे नवऱ्याची पिकअप.
तो गेला त्याला सहा वर्षं झाली.
इंजिन जावयानं विकलं, चाकं कुणी नेली ठाऊक नाही,
हौद्यात आता शेळ्या निजतात.
कॉम्प्युटरात मात्र ती अजून पांढरीशुभ्र, चार सिलिंडरची,
धन्याच्या नावावर.
नाव कमी करायचं तर तपासणी हवी.
तपासणीला गाडी चालवत आणावी लागते.

हरकतीसाठी कारणं पाच. त्यांतलं एकही तिचं नाही.
सहावं ‘इतर’. तिथे चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: गाडी बंद, आत शेळ्या राहतात.
लगेच नवी चौकट उघडली:
पशुधन किती? बाजारभाव किती?
बाई कौतुकानं बोटं मोडून सांगू लागली,
काळी, लंगडी, ती जी दोनदा व्याली…

मी मागे जाणारी कळ दाबून धरली.
एकेक अक्षर करत शेळ्या पुसल्या.
उरलं: गाडी बंद आहे.
एवढंच. पाठवलं.

‘शेळ्यांचं लिहिलंस ना, बाळा?’
हो, म्हणालो. माझं अरबी तेवढ्यापुरतं
अगदी स्वच्छ निघालं.

जाताना तिनं टेबलावर कागदात बांधून ठेवली
सुकी मासळी. आमच्याकडे मांदेली वाळवतात, तशीच,
वाळूसकट.
दीड रियालची पावती मी फाडली नाही.

काल रात्री जाग आली. मोबाइल पाहिला,
तीनला पाच कमी.
उठून पाणी प्यालो, आणि उगाचच
बसून राहिलो सव्वातीनपर्यंत.