रेषेची जाडी

खुर्ची जरा डुगडुगते.
समोर तिघं. टेबलावर माझा बायोडाटा,
त्यावर कुणाच्या तरी चहाचं अर्धवर्तुळ.

"एमए, भूगोल," भदौरिया सर वाचतात,
पत्ता चुकलेलं पाकीट हातात आल्यासारखं.
"आमच्याकडे सगळी कायद्याची मुलं येतात.
तुम्हाला कायदा कशाला, मिस पागनीस?"

पाठ केलेलं उत्तर आहे माझ्याकडे.
काल रात्री दौलतगंजच्या गच्चीवर
मोबाइलचं घड्याळ लावून दीड मिनिटात बसवलंय:
लहानपणापासून न्यायाची ओढ,
भूगोलाने लावलेली विश्लेषणाची शिस्त,
आणि शेवटी थोडंसं हसू.
धाकट्या भावाने ऐकून घेतलं आणि म्हणाला,
छान आहे. कुणाचं आहे?

मी तोंड उघडते, आणि निघतं वेगळंच.

सर, पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते.
अर्धा मिलिमीटर धरा.
नकाशा एकास चार हजारचा असेल
तर जमिनीवर ती रेषा दोन मीटर रुंद होते.
परीक्षेत हे दोन गुणांना येतं.
मला दोन्ही मिळाले होते.

एमएच्या दुसऱ्या वर्षी आम्ही स्वर्णरेखेचा काठ मोजला.
नाव सोन्याचं, पाणी तुम्हाला माहीतच आहे.
टेप धरायला मी, वहीत आकडे टाकायला नजमा,
आणि काठावर निंबाच्या आडोशाला
रामकलीबाई कुशवाहांचं इस्त्रीचं टेबल.
कोळशाची इस्त्री, चादरीखाली घडी घातलेली
दुसऱ्यांच्या पोरांची अख्खी शाळा.

खसऱ्यात टेबल नाल्याच्या हद्दीत.
नजूलच्या नकाशात हद्दीबाहेर.
आम्ही तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा ते
बरोबर रेषेत आलं.
रेषेवर नाही. रेषेत.
तिच्या जाडीत.

अहवालात काय लिहू, मी गाइडना विचारलं.
लिही, "मापनातील त्रुटीच्या मर्यादेत."
चुकीचं नव्हतं ते. मला अ श्रेणी मिळाली.

उन्हाळ्यात नोटीस आली.
रामकलीबाईंनी ती मला दिली वाचायला,
टेप घेऊन फिरणाऱ्या पोरी म्हणजे सरकारीच असणार.
मी वाचून दाखवली,
अतिक्रमण म्हणजे काय ते समजावलं.
त्या म्हणाल्या,
"बिटिया, जे तो समझ गए.
जामें बोलनो कहाँ है?"

नकाशात बोलायची जागा नसते, सर.
सूची असते, प्रमाण असतं, उत्तरेचा बाण असतो.
नोटिशीत मात्र होती,
अगदी तळाशी, बारीक अक्षरात: सात दिवसांच्या आत.
ती ओळ मी वाचली होती, मोठ्याने.
तिचा अर्थ मला आठव्या दिवशी कळला.

तोमर मॅडम पेन खाली ठेवतात.
तिसरे साहेब, ज्यांचं नाव मला नीट ऐकू आलं नव्हतं,
विचारतात, "म्हणजे अपराधी वाटतं म्हणून येताय?
त्यावर वकिली पाच वर्षंही टिकत नाही."

थोडं त्यामुळे, मी म्हणते.
बाकी, खरं सांगू, कुतूहल.
एवढ्याशा रेषेत टेबल, निंब, शेगडी मावते,
तर तुमच्या एका वाक्यात, एका "परंतु"मध्ये
किती जण उभे असतील,
ते मोजायला शिकायचंय.

"आणि त्या बाई?"

हजिऱ्याला असतात, लेकीकडे.
इस्त्री आता विजेची आहे. बिल फार येतं म्हणतात.
मी त्यांच्यासाठी अजून काहीही केलेलं नाही.
बायोडाटात त्याला रकाना नव्हता.

कुणी काही लिहून घेत नाही.
पंखा फिरतो. कळवू, म्हणतात.

बाहेर बाकावर पुढचा मुलगा बसलाय, काळा टाय,
ओठ हलताहेत, दीड मिनिटाचं काहीतरी.
शर्टाला कडक इस्त्री,
फक्त डाव्या बाहीवर घडी दुहेरी पडलीय.
कुणाला तरी घाई झाली असणार.