अंगठा

उभादांड्याच्या वळणावर, काजूच्या कारखान्याच्या दारात
हजेरीचं मशीन लावलंय.
मी अंगठा ठेवते.
ते लाल होतं आणि बाईच्या गोड आवाजात म्हणतं,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.

माझ्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत.
टरफलातलं तेल कातडी खातं,
राख लावा, खोबरेल लावा, ते आपलं खातंच.
मधली तीन वर्षं मात्र रेषा परत आल्या होत्या.
तेव्हा मी सुपरवायझर होते.

निळी प्लास्टिकची खुर्ची, वही, दोऱ्याने बांधलेलं पेन.
सगळ्या ताई म्हणायच्या. मी चपला घालून आत जायचे.
पहिल्याच खेपेला मशीन हिरवं व्हायचं
आणि मला वाटायचं, ओळखतंय मला.
त्याच दिवसांत इंदुमती वायंगणकरच्या ताटात
पाकळ्या जास्त निघाल्या, म्हणून मी तिचे साठ रुपये कापले.
ती म्हणाली, "बाय, आज डोळो दुखता माझो."
मी वहीतून मान वर केली नाही.
अक्षर फार छान यायचं माझं तेव्हा.

मग चतुर्थीच्या तोंडावर कोल्हापूरला गेलेला माल परत आला.
दमट लागला. सत्तावीस डबे.
ड्रायरची वही माझी, सही माझी.
भट्टी कोणी लवकर विझवली ते मला ठाऊक आहे.
तेव्हा बोलले नाही.
मोठेपणा म्हणून नव्हे, कोणी विचारलंच नाही.

सोमवारी खुर्चीत नीलाक्षी होती.
तिला कटर धरायला मीच शिकवलेलं:
बी उभी धर, पाय हलकाच दाब,
गर अख्खा सुटला पाहिजे.

मला अकरा नंबर मिळाला, खिडकीशी.
पहिल्या दिवशी तीन किलोही झाला नाही,
त्यात निम्मे तुकडे.
नीलाक्षीने आकडा लिहिला, मान वर केली नाही.
मी तिच्या अक्षराकडे पाहिलं.
छान येत होतं.

हसू आलं मला. खरंच आलं.
रडू नंतर, एसटीच्या थांब्यावर.

दुसऱ्या दिवशी बोटं सोलवटली होती.
इंदुमतीने राखेची करवंटी पायानेच माझ्याकडे सरकवली.
"आधी राख, मगे त्याल," म्हणाली. "इसरलंस?"
साठ रुपयांचं तिने काढलं नाही.
दसऱ्याला मी ते गुपचूप तिच्या पिशवीत ठेवले,
तर तिने त्यांचे बांगडे आणले
आणि अर्धे माझ्याकडे धाडले.

लोक समुद्राचा दाखला देतात.
भरती, ओहोटी, कायमचं काही नसतं, असं बरंच.
खिडकीतून, सुरूंच्या मधून, दिसतो तो मला.
त्याचं ठीक आहे. त्याला हजेरी लावायची नसते.
मला कळतं ते काजूचं.
अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा त्याहून खाली,
आणि तिन्ही एकाच झाडाचे.
खिरीत पडलेल्या तुकड्याला कोणी विचारत नाही
कुणाच्या हातून मोडलास.

शिमग्यानंतर नीलाक्षी लग्न होऊन कणकवलीला गेली.
मालकांनी बोलावलं. "वही परत घेशील?"
हो म्हटलं. चौदाशे रुपये जास्त आहेत,
नाही कशाला म्हणू?
चपला मात्र आता दाराबाहेर राहतात.
आणि दुपारचा एक तास मी अजून अकरावर बसते.
थोर विचार वगैरे काही नाही,
हात विसरतो.

म्हणून रेषा काही परत आल्या नाहीत.

आज सकाळी मागे अठ्ठावीस बायकांची रांग,
कुणाचा डबा गळतोय, कुणाचं पोर रडतंय.
अंगठा ठेवला. लाल.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
"सुपरवायझर, आटप गो," मागून इंदुमती.
पदराला बोट पुसलं,
पुन्हा ठेवलं.